पर्पल मार्टिनचे घरमालक आहेत का कोणी इथे?

वसुधा_ह्यूस्टन | ११ फेब्रुवारी

अमेरिकेत किंवा कॅनडात असलेल्यांपैकी कोणाच्या अंगणात पर्पल मार्टिन हे पक्षी येतात का? येत असतील तर हात वर करा, मला अनुभवी माणसं हवी आहेत. बाकीच्यांसाठी जरा पाल्हाळ लावते, गोड मानून घ्या.

आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा राहायचे. त्यांच्या मागच्या अंगणात पंधराएक फुटांचा खांब, खांबाला आडव्या दांड्या आणि दांड्यांना टांगलेले पांढरे भोपळे. प्लॅस्टिकचे, पण आकार अस्सल भोपळ्याचा. जानेवारी संपत आला की आजोबा ते धुऊन टांगायचे आणि रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन आभाळाकडे बघत बसायचे. यंदा खांद्याने दगा दिला, खांबाचं विंच (भोपळे वर-खाली करायचं चक्र) फिरवता येईना, आणि मुलीकडे डॅलसला राहायला जायचं ठरलं. सोफा-कपाटं कोणी न्यावीत याची त्यांना फिकीर नव्हती. खांब कोणाकडे जाणार यावरून मात्र झोप उडाली होती. शेवटी तो कुंपण ओलांडून आमच्याकडे आला. सोबत एक वही. प्रत्येक भोपळ्याला नंबर, पुढे अंडी किती, पिल्लं किती, उडाली किती.

पक्ष्याबद्दल थोडं. आपल्या भिंगरीच्या कुळातला, आणि त्या कुळातला उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा. वजन पन्नास-साठ ग्रॅम. पूर्ण वाढलेला नर चोचीपासून शेपटीपर्यंत काळा दिसतो, ऊन पडलं की तोच निळा-जांभळा चमकतो. मादी पोटाला राखाडी. हिवाळा काढायचा ब्राझीलकडे, मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, आणि वीण इथे. टेक्सासात जानेवारीच्या शेवटी पहिले येतात, पेनसिल्व्हेनियात एप्रिलमध्ये, कॅनडात त्याहून उशिरा.

आता मुद्द्याची गोष्ट. रॉकी पर्वताच्या पूर्वेला हा पक्षी जवळजवळ फक्त माणसाने टांगलेल्या घरातच अंडी घालतो. पश्चिमेकडचे अजून वठलेल्या झाडांतल्या सुतारपक्ष्याच्या जुन्या ढोल्या वापरतात, अ‍ॅरिझोनातले सग्वारो निवडुंगातल्या. पूर्वेकडच्यांनी ती सवय सोडून दिली. म्हणजे उद्या सगळ्यांनी खांब उतरवले तर या पक्ष्यांना राहायला जागाच नाही. घर देणाऱ्यांना इथे लँडलॉर्डच म्हणतात. भाडं नाही, पागडी नाही, उलट भाडेकरूची साफसफाई घरमालकाने करायची.

परवा पहिला नर येऊन बसला. पाच नंबरच्या भोपळ्यात डोकावला, बाहेर आला, दांडीवर बसून तासभर बडबडला. घशातल्या घशात गुळण्या केल्यासारखा आवाज. आमच्या घरातले सगळे खिडकीला नाक लावून उभे.

प्रश्न असे: १) चिमण्यांचं काय करता? २) खांबाला साप चढतात म्हणे, खरं का? ३) थंडीची लाट आली तर?

*

खोडसाळ_बंड्या | ११ फेब्रुवारी

हे डास खातात का? खात असतील तर दोन जोड्या डोंबिवलीला पाठवा. पागडी देतो.

*

अभय_पीए | ११ फेब्रुवारी

हात वर! पश्चिम पेनसिल्व्हेनिया, बरीच वर्षं.

बंड्या, तू सगळ्यात जुना प्रश्न विचारलास, म्हणून आधी तोच घेतो. इलिनॉयमध्ये ग्रिग्जव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे जे. एल. वेड नावाच्या माणसाचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता. साठच्या दशकात त्याने मार्टिनसाठी अ‍ॅल्युमिनियमची घरं बनवायला घेतली आणि जाहिरात केली की एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो. गावाने मुख्य रस्त्यावर सत्तर फुटी मनोरा उभारला, त्यात मार्टिनसाठी ५६२ खोल्या. लोकांनी धडाधड घरं विकत घेतली.

डासांचं मात्र खरं नव्हतं. १९६८ मध्ये हर्बर्ट केल या पक्षीशास्त्रज्ञाने सगळा पुरावा तपासून लिहिलं की मार्टिनच्या आहारात डास जवळजवळ नसतातच. कारण साधं आहे. मार्टिन दिवसा खातो आणि उंच उडून खातो. डास संध्याकाळी निघतात, तेही गवताच्या पातळीला. दोघांची गाठच पडत नाही. मार्टिन खातो चतुर, भुंगे, माश्या, उडत्या मुंग्या. टेक्सासवाल्यांना उपयोगाची गोष्ट म्हणजे फायर अँटच्या (चावऱ्या लाल मुंग्यांच्या) पंख फुटलेल्या राण्या हवेत निघाल्या की त्यांवर ताव मारतात.

तरी वेडला मी शिव्या घालत नाही. त्याच्या जाहिरातीला भुलून ज्यांनी घरं टांगली त्यांच्यातलेच कितीतरी पुढे डास विसरून पक्ष्यांसाठी राहिले. माझ्या ओळखीतले जुने घरमालक बहुतेक तसेच सुरू झालेले.

वसुधाताई, तुमच्या प्रश्नांना रात्री सवडीने उत्तर देतो. तोपर्यंत वही जपून ठेवा. ती खांबापेक्षा किमती आहे.

*

खोडसाळ_बंड्या | ११ फेब्रुवारी

म्हणजे डोंबिवलीला उपयोग नाही. पागडी परत.

*

मिरजेचा_सतीश | १२ फेब्रुवारी

वाचतोय. भोपळा का पण? लाकडी पेटी का नाही?

*

अभय_पीए | १२ फेब्रुवारी

पेट्याही असतात, लाकडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या, चाळीसारख्या खोल्याच खोल्या. पण भोपळा आधीचा. गोरे लोक येण्याआधीपासून दक्षिणेकडच्या चोक्टॉ आणि चिकासॉ या मूळनिवासी लोकांत ही पद्धत होती. अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय: झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाचा शेंडा छाटायचा, फांद्यांचे वीतभर-हातभर खुंट ठेवायचे आणि प्रत्येक खुंटाला कोरलेला भोपळा अडकवायचा. कावळे आणि ससाणे आले की मार्टिन थव्याने अंगावर जातात, त्यामुळे वाळत घातलेलं मांस वाचायचं असं सांगतात. पुढे वसाहतीतल्या लोकांनीही ते उचललं. पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने तर लिहिलंय की गावोगावच्या खाणावळींच्या पाटीवर मार्टिनची पेटी असायची, आणि पेटी जितकी देखणी तितकी खाणावळ चांगली निघायची.

भोपळ्याचा फायदा म्हणजे तो वाऱ्यावर हलतो. मार्टिनला त्याचं काही वाटत नाही. चिमण्या आणि स्टार्लिंगना (साळुंकीच्या कुळातले पक्षी) स्थिर घर जास्त पसंत पडतं. पोकळीही खोल असते, त्यामुळे घुबडाचा पंजा आतपर्यंत पोचत नाही.

*

मिरजेचा_सतीश | १२ फेब्रुवारी

आणि हे भोपळे म्हणजे आपलेच की! लॅजिनेरिया सिसेरारिया, म्हणजे दुध्याचीच जात. आमच्याकडे तंबोरा-सतारीला लागतात ते कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. पिकवणारे ते वेलावर असतानाच फिरवून बसवतात, आकार नीट यावा म्हणून. मग महिनोन्महिने वाळवायचे. एका बाजूला ओल राहिली तर काळा डाग पडून तिथून कुजतो. तुमच्याकडे वाळवतात कसे?

*

अभय_पीए | १२ फेब्रुवारी

अगदी तसेच, आणि त्याच जागी कुजतात. :) हिवाळाभर गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये ठेवायचे, हलवल्यावर बी खुळखुळली की झालं. मग बुरशी खरवडून भोक पाडायचं, तळाला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रं, बाहेरून पांढरा रंग. पांढराच, कारण आतलं तापमान कमी राहतं आणि काळ्या भोकाकडे पक्ष्याचं लक्ष जातं. आमच्या भागातले आमिश (आधुनिक सोयी टाळणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी अजून असे खरे भोपळे टांगतात. आमिश वस्तीतून गाडीने गेलात तर घरागणिक खांब दिसेल. वीज नाही, टीव्ही नाही, पण मार्टिन आहेत.

आता वसुधाताईंचे प्रश्न.

साप: शंभर टक्के चढतात. तुमच्याकडचा रॅट स्नेक गुळगुळीत धातूच्या खांबावरही चढतो आणि एका रात्रीत खांब रिकामा करतो. रॅकून नावाचा प्राणीही तसाच. खांबाला मध्यावर नळकांड्यासारखं पत्र्याचं कवच बसवा आणि त्याच्या वर बागेची जाळी सैल गुंडाळा. पण जाळी रोज बघा, साप अडकला तर तोही जिवंत सोडवायचा असतो.

जागा: खांबापासून चाळीस फुटांत उंच झाड नको. आणि घरापासून शंभर फुटांच्या आत हवा. लोकांना वाटतं पक्षी म्हणजे एकांत हवा. मार्टिनला माणसांची वर्दळ लागते, कारण माणूस असला की ससाणा बिचकतो.

थंडी: पारा १० अंश सेल्सियसच्या खाली गेला की किडे उडत नाहीत. मार्टिन जमिनीवरचं किंवा बर्ड फीडरमधलं दाणापाणी घेत नाही, सगळं उडता उडता पकडतो. तीन-चार दिवस हवा अशीच राहिली की मरायला लागतात. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पाऊस इथे दिवसेंदिवस कोसळत राहिला, तेव्हा पिल्लं आणि आईबाप दोन्ही भोपळ्यांतच उपासाने गेले. जुने घरमालक अजून त्याबद्दल बोलतात.

अशा वेळी आम्ही रातकिडे देतो. पाळीव सरड्यांसाठी विकतात ते. फ्रीझरमध्ये साठवायचे, कोमट पाण्यात सोडायचे आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने एकेक वर उडवायचा. चमचा मागे वाकवून फटकन सोडला की किडा वीस फूट जातो. पहिला अर्धा तास पक्षी नुसते बघत राहतात, तुम्ही वेडे दिसता. मग एखादा झेपावतो. एकाने घेतला की बाकीचे शिकतात, आणि मग चमचा नुसता हातात दिसला तरी खाली येतात. शिकलेल्यांना पुढे ताटलीत ठेवलेलं अंड्याचं भुर्जीसारखं मिश्रणही चालतं. बिनतेलाचं, बिनमिठाचं.

*

वसुधा_ह्यूस्टन | १३ फेब्रुवारी

अभय, दंडवत! वहीत २०२१ चं पान आज उघडलं. त्या फेब्रुवारीत टेक्सासभर वीज गेली होती ते सगळ्यांना आठवत असेल, आम्ही कपाटातली सगळी पांघरुणं काढली होती. पक्षी नुकते आलेले. आजोबांनी एरवी नंबरांपुढे टिपणं लिहिलीत, त्या आठवड्यात फक्त तारीख आणि 'सापडले' एवढंच, आणि पुढे आकडा. टेक्सास-लुइझियानात त्या थंडीत असे कितीतरी मेले.

तर रातकिडे मागवले आहेत. आमचं घर कडकडीत शाकाहारी, सासूबाई आलेल्या आहेत. फ्रीझरमध्ये मटाराच्या शेजारी ती पिशवी बघून त्या काय म्हणाल्या ते इथे टंकत नाही.

*

मृण्मयी_न्यूजर्सी | १३ फेब्रुवारी

हसून हसून पुरेवाट. जाता जाता, पिशवीवर लेबल लावा हो, नाहीतर एखाद्या दिवशी पुलावात पडतील.

*

चिऊची_आई | १४ फेब्रुवारी

धागा आवडला, पण पहिल्या प्रश्नावर सगळे गप्प का? 'चिमण्यांचं काय करता' याचं उत्तर कोणी दिलं नाही. मी नाशिकची. आमच्या गावच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केलं, २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला. आमच्या सोसायटीत दर वर्षी लाकडी घरटी लावतो, पोरं वाट बघतात. थोडं वाचलं तर तुमच्याकडे चिमण्या पकडून मारतात असं दिसलं. खरं आहे का?

*

अभय_पीए | १४ फेब्रुवारी

खरं आहे. गप्प होतो कारण मराठी माणसाला हे सांगणं सोपं नाही.

इथे हाउस स्पॅरो म्हणतात ती आपलीच चिमणी. ती मूळची इथली नाही. १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडली. स्टार्लिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले, साठेक पक्षी. आज दोन्ही देशभर आहेत, आणि दोघांना घरटं करायला तेच लागतं जे मार्टिनला लागतं, म्हणजे पोकळी. फरक इतकाच की ते वर्षभर इथे असतात. मार्टिन ब्राझीलहून येईपर्यंत चिमणीने घर भरून ठेवलेलं असतं. आणि ती नुसती जागा अडवत नाही. चिमणा भोपळ्यात शिरतो, मार्टिनची अंडी फोडतो, पिल्लं टोचून बाहेर टाकतो. मी खाली पडलेली पिल्लं उचलली आहेत, डोक्याला भोकं पडलेली.

कायद्याचं सांगायचं तर १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा मार्टिनला संरक्षण देतो. चिमणी आणि स्टार्लिंग परदेशी म्हणून त्यात बसत नाहीत. उलट ट्री स्वॅलो किंवा ब्लूबर्डसारख्या इथल्या पक्ष्याने तुमच्या भोपळ्यात घरटं पूर्ण केलं तर त्याला हात लावता येत नाही, मार्टिन रस्त्यावर आले तरी.

स्टार्लिंगवर उपाय सोपा आहे. गोल भोकाऐवजी अर्धचंद्राकृती भोक, उंची साधारण तीन सेंटीमीटर. मार्टिन पोट घासत आत जातो, स्टार्लिंग अडकतो. चिमणी मात्र कुठूनही शिरते. म्हणून पिंजरे लावतात.

*

चिऊची_आई | १४ फेब्रुवारी

म्हणजे आणली माणसाने, आणि शिक्षा चिमणीला.

*

अभय_पीए | १४ फेब्रुवारी

हो.

*

निवांत_नागपूरकर | १४ फेब्रुवारी

मला हे सगळं भंपक वाटतं. निसर्गात ढवळाढवळ कशाला? जो टिकेल तो टिकेल. माणसाने भोपळे टांगायचे, पक्ष्याला परावलंबी करायचं, मग त्याच्यासाठी दुसऱ्याला मारायचं. आपण देव आहोत असं समजायचं.

*

मृण्मयी_न्यूजर्सी | १५ फेब्रुवारी

नागपूरकर, परावलंबी करून झालंय, तेही काही शतकांपूर्वी. आता 'मी ढवळाढवळ करणार नाही' म्हणून हात झटकणं हीसुद्धा ढवळाढवळच. ढोल्या असलेली जुनी झाडं आपणच तोडली.

*

अभय_पीए | १५ फेब्रुवारी

मृण्मयीला अनुमोदन, आणि त्यात माझी भर. नवीन माणूस विचारतो, खांब कुठला घेऊ. मी आधी विचारतो, चिमण्यांचं करणार आहेस का? नसशील तर खांब लावूच नकोस. दुकानातून छान लाल छपराचं घर आणून अंगणात उभं करायचं आणि पुढे बघायचं नाही, असे घरमालक मार्टिनचं सगळ्यात जास्त नुकसान करतात. त्यांच्या घरात दर वर्षी चिमण्यांच्या दोन-तीन विणी निघतात आणि त्या आजूबाजूच्या सगळ्या खांबांवर जातात. पक्षी आवडणं आणि पक्ष्याची जबाबदारी घेणं यात मला तरी हाच फरक दिसतो.

मारायचं नसेल तर मधला रस्ता आहे. चिमणीचं घरटं उपटून टाकू नका. घरटं उपटलं की चिमणा बिथरतो आणि शेजारच्या भोपळ्यातल्या मार्टिनच्या अंड्यांवर राग काढतो, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. घरटं राहू द्या, अंडी उकडून परत ठेवा. मादी बिचारी बसून राहते, विणीचा काळ निघून जातो. कष्ट जास्त आहेत आणि पूर्ण खात्रीचं नाही, पण काही लोक एवढंच करतात.

*

वसुधा_ह्यूस्टन | १५ फेब्रुवारी

मी तेच करणार आहे. पिंजरा आजोबांनी दिलाय, गॅरेजमध्ये आहे. लहानपणी भात सांडला की आजी म्हणायची, राहू दे, चिऊ खाईल. तो पिंजरा मला तरी लावता येणार नाही. मात्र अंडी उकडायला माझी हरकत नाही. यात तर्क नाही हे मला कळतं.

चिऊची_आई, तुम्ही रागावू नका. अमेरिकेतही चिमण्या पूर्वीपेक्षा कमी झाल्यात, ते कोणाच्या पिंजऱ्यामुळे नव्हे.

*

चिऊची_आई | १६ फेब्रुवारी

रागावले नाही. पटलं पण नाही. वाचत राहीन.

*

मृण्मयी_न्यूजर्सी | २ एप्रिल

धागा वर काढतेय. तुमचं वाचून आम्हीही खांब आणला, पण नवरा म्हणतो उशीर झाला, पहिले 'स्काउट' (आधी येऊन जागा हेरणारे पक्षी) येऊन गेले असतील. खरं का?

*

अभय_पीए | २ एप्रिल

नाही. आधी येणारे म्हातारे पक्षी जुन्या खांबावरच जातात, नव्या खांबाकडे ते ढुंकून बघत नाहीत. स्काउट हा शब्द चालू आहे, पण ते जागा बघून मागे जाऊन कोणाला बोलवत वगैरे नाहीत. घाई असते ती चांगल्या भोपळ्यासाठी. १९८७ पासून पेनसिल्व्हेनियात पर्पल मार्टिन कॉन्झर्वेशन असोसिएशन काम करते, ते लोक देशभरातल्या घरमालकांकडून पहिला पक्षी कधी आला याच्या नोंदी गोळा करतात, त्या बघ.

नवा खांब भरतो तो गेल्या वर्षी जन्मलेल्या तरुणांमुळे. ते काही आठवडे मागून येतात. नर असला तरी छाती राखाडी आणि त्यावर जांभळे ठिपके. तो हिंडत असतो, जागा शोधत. त्याला बोलवायचं तर पहाटगाणं लाव. मोठे नर सूर्योदयाच्या आधी अंधारात उंच जाऊन एक वेगळंच गाणं म्हणतात, त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं. पहाटे चारच्या सुमारास सुरू, उजाडेपर्यंत.

*

मृण्मयी_न्यूजर्सी | २ एप्रिल

पहाटे चारला?? आमचे शेजारी पोलिसांना बोलावतील. गणपतीत स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो इथे.

*

खोडसाळ_बंड्या | ३ एप्रिल

काकड आरती आहे म्हणून सांगा.

*

वसुधा_ह्यूस्टन | १९ मे

आजचा वृत्तांत. सगळे भोपळे भरलेत, दोन सोडून. पाच-सहा दिवसांनी एकदा विंच फिरवून अख्खा झुंबराचा पसारा खाली आणते आणि प्रत्येक भोपळ्याचं बाजूचं झाकण उघडून बघते. आत काड्या आणि चिखल, तोंडाशी चिखलाचा छोटा बांध, आणि वरून हिरवी पानं. ताजी, रोजची आणलेली. अंडी पांढरीशुभ्र, चार-पाच, एखादीकडे सहा. रोज एक घालते, शेवटच्याच्या आदल्या अंड्यापासून बसायला लागते आणि पंधरा-सोळा दिवसांत पिल्लं. पहिल्या दिवशी गुलाबी, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं दिसतं. मी भोपळ्यांवरच्या ताटलीत अंड्यांची टरफलं भाजून, चुरून ठेवते. माद्या कॅल्शियमसाठी नेतात. सासूबाईंनी हे काम स्वतःहून घेतलंय, अंड्याला हात न लावणाऱ्या सासूबाईंनी. टरफलं शेजारणीकडून येतात.

काल एक पिल्लू खाली पडलं. अंगावर पिसं येताहेत, बहुधा दहा-बारा दिवसांचं. उचलून परत ठेवलं तर चालेल ना? माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं लहानपणापासून ऐकलंय. रात्री बुटाच्या खोक्यात ठेवलं होतं, दोन रातकिडे खाल्लेत.

*

अभय_पीए | १९ मे

लगेच ठेवा! हाताच्या वासाची गोष्ट खोटी आहे, मार्टिन तर मुळीच मनावर घेत नाहीत. घरमालकाच्या हाताखालीच वाढतात ते. त्याच्याच भोपळ्यात ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर त्याच वयाची पिल्लं असतील तिथे. आईला मोजता येत नाही, एक वाढलं तरी भरवते.

पण ते पडलं का ते बघा. गरमी किंवा माइट (रक्त पिणारे बारीक किडे). झाकण उघडल्यावर हातावर मिरपुडीसारखं काही पळत असेल तर माइट. मग सगळं घरटं काढून कोरड्या देवदाराच्या भुश्शाचं नवं करून द्या, पिल्लं तोवर बादलीत.

आणि एक लक्षात ठेवा, पिल्लं बाविसाव्या दिवसाच्या पुढे गेली की झाकण उघडायचं नाही. घाबरून वेळेआधी उड्या मारतात. सव्वीस ते बत्तीस दिवसांत आपसूक उडतील.

*

वसुधा_ह्यूस्टन | २० मे

माइटच होते. घरटी बदलली. पिल्लू परत आत, आई दहा मिनिटांत चतुर घेऊन आली, पंखांसकट. चतुर पिल्लाच्या डोक्याएवढा, आडवा धरलेला, तो भोकातून जाईना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग दांडीवर बसून सरळ केला आणि आत गेली.

आजोबांना डॅलसला फोटो पाठवला. उलट उत्तर आलं: 'नंबर सातचा स्क्रू सैल आहे.' फोटोतून दिसलं त्यांना.

*

निवांत_नागपूरकर | २१ मे

एक विचारतो. हे सगळे घरमालक म्हातारेच का? अभयराव, तुमचे सगळे किस्से जुन्या लोकांचे, ताईंचे आजोबा ऐंशीचे.

*

अभय_पीए | २१ मे

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हो, बहुतेक म्हातारे आहेत. या छंदाला रोजचा वेळ लागतो, स्वतःचं मोकळं अंगण लागतं आणि पंचवीस वर्षं एकाच जागी राहणं लागतं. तरुणांकडे यातलं काय आहे? भाड्याचं घर, तीन वर्षांनी बदली. म्हातारा गेला की नवा मालक अंगणातला खांब भंगारात काढतो. एप्रिलमध्ये पक्षी त्याच जागी परत येतात आणि रिकाम्या हवेत घिरट्या घालतात. मी दोन घरांवर हे पाहिलंय.

आणि येतात कुठून ते बघा. कॅनडातल्या पक्षीशास्त्रज्ञ ब्रिजेट स्टचबरी यांनी २००७ मध्ये इथल्याच मार्टिनच्या पाठीवर ठावठिकाणा नोंदवणारी चिमुकली यंत्रं बांधली. एक मादी ब्राझीलला जाताना दीड महिना रमतगमत गेली आणि वसंतात परत येताना साडेसात हजार किलोमीटर तेरा दिवसांत आली. इतकी घाई कशाची, तर आपला भोपळा कोणी घेऊ नये याची.

म्हणून वसुधाताईंनी खांब घेतला तेव्हा मला बरं वाटलं. आपल्या देशी लोकांकडे आता उपनगरांत मोठी अंगणं आहेत, आणि आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात, त्यांना दिवसभर करायला काही नसतं.

*

मृण्मयी_न्यूजर्सी | २१ मे

बाबांना विचारलं. ते म्हणाले सोसायटीचा सेक्रेटरी होतो, पक्षी काय चीज आहे.

(आमच्याकडे एक ठिपकेवाला तरुण आलाय! एकटाच आहे. रोज सकाळी येतो, सगळ्या भोपळ्यांत डोकावतो आणि अकराला जातो. पहाटगाणं हळू आवाजात लावतो, शेजाऱ्यांना भोपळ्याचे घारगे देऊन.)

*

चिऊची_आई | २३ मे

वसुधा, उकडलेल्या अंड्यांचं काय झालं?

*

वसुधा_ह्यूस्टन | २३ मे

एक चिमणी अकरा नंबरमध्ये तीन आठवडे बसली. मग सोडून गेली. दुसरीने दहा नंबरमध्ये मार्टिनची चारही अंडी फोडली, तो भोपळा मी उतरवून ठेवला. पिंजरा अजून लावलेला नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

*

चिऊची_आई | २३ मे

बरं.

*

वसुधा_ह्यूस्टन | ६ जुलै

पिल्लं उडाली, भोपळे रिकामे. ह्यूस्टनकरांसाठी सूचना: आता सगळे मार्टिन ब्राझीलला निघायच्या आधी एकत्र झोपायला जमतात. स्टॅफर्डमध्ये शॉपिंग सेंटरच्या झाडांवर दर वर्षी हजारोंनी येतात. रडारवरही दिसतं म्हणे. पहाटे सगळे एकदम उठले की हवामानाच्या नकाशावर पावसासारखं कडं उमटतं. नॅशव्हिलमध्ये २०२० मध्ये सिंफनीच्या सभागृहासमोरच्या झाडांवर लाखाहून जास्त जमले होते, झाडं काढायचं ठरत होतं, लोकांनी बोंब मारली तेव्हा वाचली.

येत्या शनिवारी आम्ही सगळे जातोय, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पार्किंगमध्ये. आजोबाही डॅलसहून येणार आहेत. कोण कोण येतंय? सासूबाई थालीपीठं करणार आहेत.

*

केटीकर | ६ जुलै

आतापर्यंत नुसता वाचत होतो. आम्ही तिघं येतो. काय आणू?

*

वसुधा_ह्यूस्टन | ६ जुलै

छत्री. आणि गाडीवर टाकायला जुनी चादर. झाडांखाली उभं राहून वर बघत 'वाव' म्हणू नका.

*

केटीकर | ६ जुलै

:) समजलो. दही आमच्याकडे लागलं.